ब्लेड, स्टंप आणि स्टॉपवॉच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा डावा पाय गुडघ्याखालून गेलाय आणि मी १०० मीटर, २०० मीटर आणि लांब उडी करते. मेसेज सतत येतात, काही पाय नुकताच गेलेल्यांचे, काही त्यांच्या आईवडिलांचे, काही नुसत्या कुतूहलाचे, आणि फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. नियम आहेत तिथे नियम सांगितलेत, अनुभव आहे तिथे तो माझा आहे, तुमचा वेगळा असू शकतो. जखम, औषध, व्यायाम यातलं काहीही सुरू करण्याआधी स्वतःच्या डॉक्टरला आणि फिजिओला विचारा, मी दोन्ही नाही.

१. अँप्युटी अ‍ॅथलीट म्हणजे ब्लेड लावून पळणारे तेवढेच ना?

नाही. अँप्युटी म्हणजे हात किंवा पाय गेलेला माणूस. ब्लेड (धावायचा खास कृत्रिम पाय, प्रश्न ५ बघा) दिसायला भारी दिसतं म्हणून फोटो त्याचेच छापले जातात, पण हात गेलेले धावपटू आहेत, भालाफेकवाले आहेत, खुर्चीसारख्या फ्रेमवर बसून गोळा फेकणारे आहेत, व्हीलचेअर रेसिंग करणारे आहेत. काही जणांचा हात किंवा पाय जन्मतःच अर्धवट असतो, म्हणजे काही कापलेलं नसतं, पण खेळाच्या दृष्टीने तेही आमच्यातलेच. होकाटो सेमा यांचं उदाहरण घ्या, सैन्यात असताना २००२ साली भूसुरुंगात त्यांचा पाय गेला आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये बसून फेकायच्या गोळाफेकीत त्यांनी ब्राँझ घेतलं. त्यात ब्लेड कुठेच नाही. आणि अँप्युटी खेळाडू पॅरालिंपिकमध्ये पहिल्यापासून होते असंही नाही, पहिलं पॅरालिंपिक १९६० चं रोममधलं, ते व्हीलचेअरवाल्यांचं होतं, आमच्यासाठी दार उघडलं ते १९७६ ला टोरांटोत.

२. टी६४, एफ४६ असं नावापुढे लिहिलेलं असतं ते काय असतं?

टी म्हणजे ट्रॅक (उड्याही त्यातच येतात), एफ म्हणजे फेकीचे प्रकार, आणि आकडा म्हणजे शरीराचं नेमकं काय गेलंय ते. कृत्रिम पाय लावून खेळणाऱ्यांचे आकडे ६१ ते ६४: दोन्ही पाय गुडघ्यावरून गेलेले ६१, दोन्ही गुडघ्याखालून ६२, एक गुडघ्यावरून ६३ आणि एक गुडघ्याखालून ६४, म्हणजे मी टी६४. हाताचे ४५ ते ४७. पायात दोष आहे पण कृत्रिम पाय न लावता खेळतात ते ४२ ते ४४. ही साठच्या घरातली रचना २०१८ पासूनची आहे, त्याआधी आम्ही सगळे ४२ ते ४४ मध्येच कोंबलेले होतो, त्यामुळे जुने निकाल बघताना गोंधळ होतो.

क्लास आपण निवडायचा नसतो. क्लासिफायर तपासतात, मोजमाप घेतात आणि नंतर स्पर्धेत खेळताना बघतातही. आणि प्रत्येक अवयव गेला की क्लास मिळतोच असं नाही, नुसती पायाची बोटं किंवा हाताची एकदोन बोटं गेली असतील तर त्यावर पात्र ठरत नाही. हे ऐकून काही जण खूप नाराज होतात आणि मला ते समजतं, पण कुठेतरी रेष ओढावीच लागते.

३. पाय कसा गेला, आणि पुन्हा धावायचं कुठून सुचलं?

रस्त्यावरचा अपघात, वय १९. याहून जास्त त्यात सांगण्यासारखं काही नाही, पण लोकांना तोच भाग ऐकायचा असतो.

धावायचं सुचलं ते फार साध्या गोष्टीतून. पहिला कृत्रिम पाय मिळाल्यावर फिजिओ एक टेस्ट घेतात, दहा मीटर चालायचं आणि ते सेकंद मोजतात. माझा पहिला आकडा ३१ होता. एकतीस सेकंद, दहा मीटरला! अपघाताआधी मी कॉलेजच्या टीममध्ये धावायचे, त्यामुळे तो आकडा ऐकून मला रडू यायला हवं होतं पण झालं उलटंच, मला एकदम राग आला आणि मी म्हटलं परत घ्या. त्यांनी नाही म्हटलं, आज बास. मग दुसऱ्या दिवशी गेल्या गेल्या पहिला प्रश्न, आज वेळ घेणार का? त्या आठवड्यात मी २६ वर आले. तोपर्यंत घरचे, डॉक्टर, भेटायला येणारे सगळे मला धीर देत होते आणि मला त्या धीराचं काय करायचं तेच कळत नव्हतं, पण २६ चं काय करायचं ते मला कळत होतं. २५ करायचं.

तर माझी प्रेरणा विचाराल तर ती तिथून आहे. अजूनही तीच आहे. मी धाडसी वगैरे नाही, मला घड्याळाशी भांडायला आवडतं, ते पाय असतानाही आवडायचं आणि पाय गेला म्हणून आवड गेली नाही, एवढंच.

४. पाय गेल्यावर किती दिवसांनी धावता येतं?

सगळ्यांसाठी एक आकडा नाही. आधी जखम भरावी लागते, मग सूज उतरवायला स्टंपवर (पायाचा जो भाग उरलाय त्यावर) घट्ट बँडेज किंवा श्रिंकर सॉक घालतात, मग पहिला चालायचा पाय, मग तो सतत बदलणारा स्टंप जरा स्थिर व्हायची वाट. नीट न लंगडता चालता आलं, जिना चढता उतरता आला, एका पायावर तोल राहिला की मग धावण्याचा विषय. मला अकरा महिने लागले. मधुमेह किंवा रक्तपुरवठ्याच्या त्रासामुळे पाय गेला असेल तर जास्त सावकाश, कारण जखम चिघळायचा धोका मोठा असतो आणि दुसरा पायही जपायचा असतो.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळा, स्टंपखाली उशी घेऊन झोपू नका. खूप बरं वाटतं, सगळे प्रेमाने उशी सरकवतात, आणि गुडघा किंवा खुबा त्याच वाकलेल्या अवस्थेत आखडतो. तो आखडलेला सांधा सरळ करायला मला दोन महिने घालवावे लागले आणि ते धावण्यातूनच वजा झाले. दिवसातून थोडा वेळ पालथं पडून राहा, फिजिओ सांगतातच, पण कंटाळवाणं आहे म्हणून कुणी करत नाही.

५. ब्लेड म्हणजे नक्की काय? नेहमीच्या नकली पायाने धावता येत नाही का?

थोडं पळता येतं, बस पकडण्यापुरतं, पण स्प्रिंट नाही. चालायच्या पायाला टाच असते, तो उभं राहायला बनवलेला असतो. ब्लेडला टाचच नसते. कार्बन फायबरचे पातळ थर एकावर एक बसवून केलेली ती इंग्रजी जे सारखी वाकडी पट्टी असते, वजन पडलं की दबते आणि सुटताना ढकलते, खाली धावायच्या बुटाचा तळवा किंवा स्पाइक्स चिकटवलेले असतात. ब्लेडवर शांत उभं राहताच येत नाही, आम्ही स्टार्टच्या आधी सारखे जागच्या जागी हलत असतो ते टेन्शनमुळे नव्हे (टेन्शनमुळेही असतं).

ही कल्पना व्हॅन फिलिप्स नावाच्या माणसाची, १९७६ साली वॉटर स्कीइंगच्या अपघातात त्याचा पाय गुडघ्याखालून गेला आणि त्याला मिळालेला पाय त्याला इतका नकोसा झाला की तो स्वतःच प्रोस्थेटिक्स, म्हणजे कृत्रिम अवयव बनवायला, शिकायला गेला. ऐंशीच्या दशकात त्याचं फ्लेक्स फूट आलं, नव्वदच्या दशकात चीता ब्लेड. मला हा इतिहास फार आवडतो कारण यात गिऱ्हाईक आणि कारागीर एकच माणूस आहे.

ब्लेडचा कडकपणा तुमच्या वजनावर ठरतो, मित्राचं घेऊन पळणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून गाडी चालवण्यासारखं.

६. सॉकेट दुखत नाही का? रक्त येतं का?

दुखतं, आणि कधीकधी येतंही. मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे आणि तो विचारतात मात्र फक्त पाय गेलेलेच. ब्लेडबद्दल सगळे बोलतात, सॉकेटबद्दल कुणी बोलत नाही. ब्लेड कितीही भारी असू दे, ते ज्या कपात बसतं तो कप तुमच्या स्टंपला बरोबर बसला नाही तर तुम्ही धावूच शकत नाही. धावताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या आखूड पायावर येतो आणि ती कातडी त्या कामासाठी बनलेलीच नाही, तळपायाची कातडी वेगळी असते. म्हणून चांगला प्रोस्थेटिस्ट (कृत्रिम पाय बनवून बसवणारा) भार अशा जागी टाकतो जिथे तो सोसवतो, उदाहरणार्थ गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन, आणि हाडाचं टोक वगैरे जागा मोकळ्या सोडतो.

त्यात स्टंप दिवसभर एकसारखा राहत नाही. सकाळी थोडा सुजलेला, दुपारपर्यंत आक्रसलेला, गरमीत वेगळा, वजन दोन किलो वाढलं की वेगळा, पाळीच्या दिवसांत तर माझा हमखास वेगळा. मग सॉकेट सैल वाटलं की एक मोजा वाढवायचा, घट्ट वाटलं की काढायचा, माझ्या बॅगेत वेगवेगळ्या जाडीचे सहा मोजे कायम असतात. आत सिलिकॉनचा लायनर असतो, त्यात घाम साठतो, घाम साठला की घसरतं, घसरलं की घासतं. दोन सेटच्या मध्ये लायनर काढून पुसणं हा माझ्या वॉर्मअपइतकाच ट्रेनिंगचा भाग आहे.

एकदा स्पर्धेच्या दहा दिवस आधी हाडाच्या टोकापाशी वाटाण्याएवढा लाल डाग दिसला आणि मी तो बघून न बघितल्यासारखं केलं, कोचला सांगितलं नाही, कारण तेव्हा वेळ सुधारत होती. चौथ्या दिवशी तो फुटला, पाचव्या दिवशी पू, स्पर्धा गेलीच पण त्यापुढचे तीन आठवडे कृत्रिम पायच घालता आला नाही, कुबड्यांवर होते, बाथरूमला जायलासुद्धा. तेव्हापासून रोज रात्री हातातला आरसा घेऊन स्टंप सगळीकडून बघते. रोज म्हणजे रोज. लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही तर दुसऱ्या दिवशी ब्लेड बंद, मग समोर कुठलीही स्पर्धा असो.

७. नसलेला पाय दुखतो म्हणतात, ते खरंय?

खरंय. मला अजूनही कधीकधी डाव्या अंगठ्यात पेटका येतो, जो अंगठा जगात नाहीये. याला फँटम पेन म्हणतात, यातलं ‘फँटम’ हे नाव एकोणिसाव्या शतकात वेअर मिचेल या डॉक्टरने युद्धात हातपाय गमावलेले सैनिक बघून रूढ केलं. हे वेड नाही, मेंदूत त्या पायाची जागा अजून आहे आणि तुटलेल्या नसा सिग्नल पाठवत राहतात. मेंदूचे अभ्यासक रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात आरशाचा उपाय आणला, चांगला पाय आरशासमोर ठेवून हलवायचा म्हणजे मेंदूला दोन्ही हलताना दिसतात, काहींना त्याने खूप आराम पडतो, मला थोडासाच पडला. माझं सांगायचं तर धावायच्या दिवशी दुखणं कमी असतं आणि सक्तीच्या विश्रांतीत वाढतं. औषधांबद्दल प्रश्न १६ नक्की वाचा.

८. ट्रेनिंग बाकी धावपटूंसारखंच असतं का?

बरंचसं तेच, ड्रिल्स, स्टार्ट, वजनं, प्लायो (उड्यांचे व्यायाम). फरक असा की माझ्या डाव्या बाजूला पोटरी आणि घोटा नाही, म्हणजे ते काम खुबा आणि मांडीने करायचं, त्यामुळे जिममधला निम्मा वेळ खुब्यावर जातो. दुसरं म्हणजे चांगला पाय. सगळं लक्ष गेलेल्या पायाकडे असतं आणि उजवा गुपचूप जास्तीचा भार घेत राहतो, गुडघा आणि कंबर आधी तिकडची जाते. म्हणून ब्लेडवर आठवड्यातून तीनच दिवस, बाकी पोहणं आणि सायकल.

गरम जास्त होतं हेही लक्षात ठेवा, कातडी कमी उरली आणि त्यातलीही बरीच सिलिकॉनखाली झाकलेली, घाम वाळायला जागाच नाही.

९. गुडघ्यावरून पाय गेलाय, मला जमेल का?

जमतं, पण अवघड जास्त आहे हे लपवत नाही. गुडघा गेला की यांत्रिक गुडघा लागतो, आणि पाऊल टेकताना तो पूर्ण सरळ नसेल तर तो मिटतो आणि तुम्ही जमिनीवर. सुरुवातीचे महिने पडण्याचेच असतात. मॅटवर पडायला शिकवणारे कोच असतात, ते आधी शोधा.

जुन्या काळात तर हेही नव्हतं. टेरी फॉक्सचा उजवा पाय १९७७ मध्ये हाडाच्या कॅन्सरमुळे गुडघ्यावरून गेला, वय १८, आणि १९८० मध्ये कॅन्सर संशोधनाला पैसे उभे करायला तो कॅनडा आडवा पळायला निघाला. त्याचा पाय चालायचा होता, वेगात पुढे यायला उशीर करायचा, म्हणून तो चांगल्या पायावर एक जास्तीची उडी मारायचा, ती लय व्हिडिओत बघितलीत की विसरत नाही. १४३ दिवस, ५३७३ किलोमीटर, रोज जवळपास एक मॅरेथॉन. कॅन्सर फुप्फुसात पोचला म्हणून थांबावं लागलं आणि पुढच्या वर्षी तो गेला. हे मी तुम्ही असंच करा म्हणून सांगत नाहीये, स्टंपवर रोज मॅरेथॉन हे कुठलाही डॉक्टर सांगणार नाही. सांगायचंय ते असं की गुडघ्यावरून पाय गेलेला माणूस तेव्हाच्या पायावर पळू शकत होता.

आणि आता? टोकियो पॅरालिंपिकमध्ये टी६३ महिलांच्या १०० मीटरला तिन्ही पदकं इटलीच्या तिघींनी घेतली, अंब्रा सबातिनी, मार्टिना कैरोनी आणि मोनिका कोंत्राफात्तो, सबातिनीची वेळ १४.११. यातली मोनिका सैनिक, २०१२ मध्ये अफगाणिस्तानात जखमी होऊन पाय गेला आणि हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या तिने टीव्हीवर मार्टिनाला लंडनमध्ये जिंकताना पाहिलं. नऊ वर्षांनी दोघी एकाच पोडियमवर.

१०. हात गेलेल्याला पळायला काय अडचण? पाय तर दोन्ही आहेत.

हा प्रश्न हात गेलेल्यांना फार लागतो. धावताना हात पायांचा तोल सांभाळतात, एक हात हलका झाला की खांदे फिरतात, पाऊल वाकडं पडतं, ते पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंनी धरून ठेवावं लागतं. स्टार्टला दोन्ही हात जमिनीवर टेकता येत नाहीत, म्हणून काही जण स्टंपखाली छोटा ठोकळा ठेवतात. फेकीत तर अजून, देवेंद्र झाझरिया यांचा डावा हात आठव्या वर्षी विजेच्या तारेने गेला, भाला उजव्याने फेकायचा हे खरं, पण फेकताना डावा हात शरीर उघडतो आणि मग आत खेचून वेग देतो, ते काम अर्ध्या हाताने करायचं. त्यांच्याबद्दल पुढच्या प्रश्नातही सांगतेय.

११. कंटाळा येतो, सोडून द्यावंसं वाटतं, तेव्हा मोटिव्हेशन कुठून आणता?

आणत नाही. खरंच सांगते, बहुतेक दिवशी ते नसतंच. सकाळी साडेपाचला गार लायनर कातडीवर चढवताना कुणाला काय मोटिव्हेशन असणार. मी स्वतःला फक्त एवढंच सांगते की आज ब्लेड घालून ट्रॅकपर्यंत जायचं, तिथे गेल्यावर नको वाटलं तर परत यायचं, आणि परत आलेले दिवस सहा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

पण लांबच्या निराशेचं काय, जेव्हा सगळंच निरर्थक वाटतं, तेव्हा मी झाझरिया यांचा विचार करते. २००४ ला अथेन्समध्ये ६२.१५ मीटरचा विश्वविक्रम करून सुवर्ण. पुढे २००८ आणि २०१२ च्या पॅरालिंपिकमध्ये त्यांच्या क्लासची भालाफेकच नव्हती. म्हणजे हा माणूस फॉर्मात आहे, फिट आहे, आणि पॅरालिंपिकमध्ये त्याची स्पर्धाच नाही. बारा वर्षांनी २०१६ ला रिओमध्ये ती परत आली आणि त्यांनी ६३.९७ फेकून परत विश्वविक्रम, परत सुवर्ण. मधल्या बारा वर्षांत सरावाला कुणी बघत नसतानाही त्यांनी भाला फेकला असणार ना, त्या फेकींचा कुठे रेकॉर्ड नाही. मला रिओपेक्षा त्या फेकी जास्त आठवतात.

आणि एक, दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, रडू यांचं बिघडलं असेल तर तो कंटाळा नसतो, डॉक्टरकडे जा. अवयव गेल्यावर नैराश्य येणं खूप कॉमन आहे आणि माझंही झालंय, मी औषधं घेतली, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

१२. तुम्हाला "इन्स्पायरिंग" म्हटलं की राग का येतो?

राग नाही येत, प्रेमानेच म्हणतात. फक्त असं होतं की मी पाचवी आले तरी तेच म्हणतात आणि पहिली आले तरी तेच. दुसऱ्या कुठल्या धावपटूला पाचव्या नंबरबद्दल कुणी इन्स्पायरिंग म्हणत नाही, विचारतात की शेवटच्या तीस मीटरला काय झालं. मला तेच विचारा. वेळ विचारा. मागच्या वेळेपेक्षा कमी की जास्त ते विचारा.

१३. ब्लेडमुळे उलट फायदाच होतो ना?

यावर भांडणं कोर्टापर्यंत गेलीत, त्यामुळे एका ओळीत उत्तर नाही. ब्लेड स्वतः ताकद तयार करत नाही, तुम्ही दाबाल तेवढ्यातलं बरंचसं परत देतं, खरा घोटा आणि पोटरी मात्र स्वतःची ताकद घालतात. त्यामुळे स्टार्टला आम्ही मागे राहतो, ब्लेड दबायला आधी वेग लागतो. वळणावर अजून एक गंमत, ट्रॅक डावीकडे वळतो म्हणजे डावा पाय आतल्या बाजूला, आणि डावीकडे ब्लेड असलेले वळणावर जास्त मंदावतात हे मोजून बघितलंय. माझा नेमका डावा. २०० मीटरच्या वळणाशी माझं जुनं वैर आहे.

लांब उडीत चित्र वेगळं आहे. जर्मनीचा मार्कुस रेम, चौदाव्या वर्षी वेकबोर्डच्या अपघातात उजवा पाय गुडघ्याखालून गेला, धंद्याने स्वतः प्रोस्थेटिस्ट, तो ब्लेडवरून उडी घेतो आणि २०२३ मध्ये त्याने ८.७२ मीटर मारली. टोकियो ऑलिंपिकचं सुवर्ण ८.४१ ला गेलं होतं. २०१६ मध्ये संशोधकांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा निघालं असं की ब्लेडवाल्यांचा धावता वेग कमी पडतो पण टेकऑफ जास्त कार्यक्षम होतो, आणि बेरीज नक्की कुठल्या बाजूला झुकते ते ठामपणे सांगता आलं नाही. त्याला ऑलिंपिकमध्ये उतरू दिलं नाही. माझं मत विचाराल तर धावण्यात आमचा तोटा आहे, लांब उडीत ब्लेडवरून टेकऑफ घेणाऱ्याला काहीतरी मिळतं, हे मी स्वतः ब्लेडवरून उडी घेणारी म्हणून प्रामाणिकपणे सांगते. पण ते मिळवायला लागणारं तंत्र ब्लेडसोबत डब्यात येत नाही.

१४. मग दोन्ही पाय नसलेल्याने मुद्दाम उंच ब्लेड लावले तर?

म्हणूनच उंचीची मर्यादा आहे. शरीराच्या बाकी मापांवरून, तुमची जास्तीत जास्त उंची किती असू शकली असती ते सूत्राने काढतात आणि ब्लेडवर उभं राहून त्याच्या वर जाता येत नाही. २०१८ मध्ये ते सूत्र आणखी कडक झालं आणि काही धावपटूंना रातोरात बुटकं व्हावं लागलं, म्हणजे पूर्ण धावणं नव्याने शिकायचं. हे फक्त दोन्ही पाय नसलेल्यांसाठी, माझ्यासारखीला चांगला पायच मर्यादा घालतो.

दोन्ही पाय नसलेला ऑस्कर पिस्टोरियस ब्लेडवर बाकी धावपटूंसोबत पळू शकतो असा निकाल २००८ मध्ये क्रीडा लवादाने दिला आणि तो २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या सेमीफायनलपर्यंत गेला. तसाच दोन्ही पाय नसलेल्या ब्लेक लीपरला मात्र २०२० मध्ये त्याच लवादाने सांगितलं की फायदा होत नाही हे सिद्ध करायची जबाबदारी खेळाडूची नाही, पण तुझे हे ब्लेड तुला नैसर्गिक उंचीपेक्षा उंच करतात म्हणून नाही. मोटर किंवा बॅटरीवर ढकलणारा पाय तर कुणालाच चालत नाही.

१५. एकाच स्पर्धेत दोन्ही पाय असलेला आणि ब्लेडवाला एकत्र कसे? हा घोळ नाही का?

घोळ नाही, क्लास एकत्र केलेले असतात. टी६४ च्या उंच उडीत टी४४ वाले येतात, प्रवीण कुमार त्यातलेच, जन्मतः एक पाय आखूड, कृत्रिम पाय लावत नाहीत, पॅरिसमध्ये २.०८ मीटर उडी मारून सुवर्ण. भालाफेकीतही एफ४४ आणि एफ६४ एकत्र असतात. तिथे सुमित अंतिल बघा, कुस्ती करायचा, २०१५ ला मोटरसायकल अपघातात डावा पाय गुडघ्याखालून गेला. उजव्या हाताने भाला फेकणाऱ्याचा डावा पाय शेवटच्या क्षणी ब्रेकसारखा रोवावा लागतो, सगळा धक्का त्यावर, आणि सुमितचा नेमका तोच नकली. तरी टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे सुवर्ण, २०२३ मध्ये हांगझोऊला ७३.२९ मीटर. तो रोवलेला पाय स्लो मोशनमध्ये बघा, सॉकेटमध्ये काय होत असेल ते प्रश्न ६ वाचल्यावर कळेल.

१६. दुखण्याच्या गोळ्या घेतल्या तर डोपिंगमध्ये अडकतो का?

अडकू शकता. आम्हाला सवलत नाही, यादी तीच. ट्रॅमाडॉल बऱ्याच अँप्युटींना लिहून दिलेलं असतं आणि ते १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत आहे. मॉर्फिनसारखी औषधं आधीपासूनच आहेत. खरंच गरज असेल तर आधी वैद्यकीय परवानगी घ्यायची असते, टीयूई म्हणतात त्याला, स्पर्धेनंतर कागद दाखवून सुटका होईल या भरवशावर राहू नका. प्रत्येक नव्या गोळीचं नाव मी स्वतः तपासते, डॉक्टर चांगले असले तरी त्यांना खेळाची यादी पाठ असेलच असं नाही.

१७. शर्यतीत किंवा उडीत पायच निघाला तर?

होतं असं. सॉकेटमधली हवेची पकड घामाने सुटते आणि पाय निसटतो. शर्यतीत संपलंच, टी६४ ला लंगडी घालत फिनिश गाठता येत नाही, कृत्रिम पाय लावूनच पळायचं असतं. लांब उडीत नियम मजेशीर आहे, हवेत पाय निघाला आणि वाळूत तुमच्या मागे पडला तर मोजणी तो पाय पडला तिथून. एरवी पडणंही असतंच, सबातिनी पॅरिसच्या फायनलमध्ये फिनिशच्या अगदी जवळ पडली. जगातली सगळ्यात वेगवान टी६३ मुलगी. नंतर उठली आणि अजून पळतेच आहे.

उंच उडीत मात्र गुडघ्यावरून पाय गेलेले काही जण कृत्रिम पाय काढूनच उडतात, एका पायावर लंगडी घालत येऊन. कॅनडाच्या आर्नी बोल्टने १९७६ च्या टोरांटोत अशीच १.८६ मीटर मारली होती. स्वतः एका पायावर उभं राहून मान वर करून १.८६ ची उंची बघा एकदा.

१८. आमची मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला आत्ताच ब्लेड द्यावं का?

तिला पळायचं असेल तर हो, तुम्हाला ती पळायला हवी असेल तर थांबा. मुलांचं हाड वाढतं, कधी स्टंपच्या टोकाला टोचायला लागतं आणि छोटं ऑपरेशन लागतं, सॉकेट सतत बदलावं लागतं, ते सगळं धरूनच चाला. मैदानावर इतर मुलांसोबत पळू द्या, स्पर्धा नंतर. पडली की लगेच उचलायला धावू नका, एवढं एक माझ्या आईकडून शिकलेलं, तिला ते किती जड गेलं ते मला खूप उशिरा कळलं.

१९. पाय आहे पण निकामी आहे, सारखी ऑपरेशनं चालू आहेत. कापून ब्लेड लावलं तर खेळता येईल ना?

हा मेसेज वर्षाकाठी तीनचारदा येतो आणि त्याला मी कधीच झटकन उत्तर देत नाही. असं करणारे आहेत. जर्मनीचा योहानेस फ्लोर्स जन्मतः दोन्ही पायांत दोष घेऊन आला, चालताना दुखायचं, मुलं चिडवायची, सोळाव्या वर्षी त्याने स्वतः ठरवून दोन्ही पाय गुडघ्याखालून काढून टाकले. २०१९ मध्ये दुबईत त्याने १०० मीटर १०.५४ ला मारली.

पण त्याने ते १०.५४ साठी केलं नव्हतं, न दुखता चालता यावं म्हणून केलं होतं, आणि मला वाटतं प्रश्न तिथेच ठरतो. खेळासाठी म्हणून पाय काढू नका. खेळ दुखापतीने एका दिवसात संपतो, स्टंप मात्र म्हातारपणापर्यंत सोबत असतो, रोजच्या आरशासकट. कापल्यावर दुखणं जाईलच याची खात्रीही नाही (प्रश्न ७). दोन वेगळ्या सर्जनना विचारा, एका प्रोस्थेटिस्टला विचारा, आणि तुमच्याच पातळीवर पाय गेलेल्या एखाद्या अशा माणसाला भेटा जो अजिबात खेळत नाही, ऑफिसला जातो, भाजी आणतो. त्याचा साधा मंगळवार कसा जातो ते विचारा. तो ऐकूनही हवंच वाटलं तर मग मला परत लिहा, सॉकेटपासून सुरुवात करू.